होडीत अंथरायची गादी

नाथसागरावर पक्षी मोजायला जाऊ का, असं मी घरात विचारलं तेव्हा बाबांनी उलट मलाच विचारलं, झोपणार कशावर? मी म्हटलं, होडीत. ते म्हणाले, होडीत ते कळलं, पण होडीत कशावर? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमच्या घराचे पुढचे अकरा दिवस गेले.

आधी थोडं गणनेबद्दल सांगते. थंडीत पैठणकडच्या बॅकवॉटरला काही हौशी माणसं पक्षी मोजतात. पाण्यातल्या एका उंचवट्याभोवती बदकं आणि रोहित पक्षी रात्री उतरतात आणि उजाडलं की उडून जातात. पहाटे होडी वल्हवत तिथं गेलं तर आवाजानं सगळे आधीच उठतात आणि मोजायला फक्त पाणी उरतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच होडी तिथं नेऊन बांधायची, रात्रभर गप्प पडून राहायचं आणि फटफटताच मोजायला लागायचं. एक निवृत्त प्राध्यापिका हे काम बरीच वर्षं करत होत्या. होडी लहान, दोघीजणीच झोपतील एवढी. पुढचा निमुळता भाग एकीचा, मागचा दुसरीचा. होडीवाला आणि त्याची बायको शेजारी दुसऱ्या होडीत. मॅडमची नेहमीची जोडीदारीण लग्न होऊन नागपूरला गेली होती. तिच्या जागी त्यांनी मला विचारलं. का, तर त्यांच्याच शब्दांत, मी बोलत नाही. माझ्या न बोलण्याचा कुणाला उपयोग होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात तो माझा दोष म्हणूनच लिहिलेला होता.

मला जायचं होतं. किती जायचं होतं हे मी कुणाला सांगितलं नाही, पण एवढं सांगते की मोठी झाल्यावर मी घरात स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मॅडम म्हणाल्या होत्या, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर मी दुसऱ्या मुलीला विचारते. आणि अंथरूण आपापलं आणायचं.

आईचा विरोध रात्रीला नव्हता, होडीला नव्हता, परक्या माणसांनाही नव्हता. तिचा विरोध ओलीला होता. लहानपणी माझी छाती भरायची, आणि तेव्हापासून आमच्या घरात ओल म्हणजे शत्रू. न्हाणीघरातून बाहेर येताना पाय दोनदा पुसायचे. पावसाळ्यात माझे कपडे इस्त्री फिरवून घालायचे. उशीचा अभ्रा मला द्यायच्या आधी आई तो गालाला लावून बघायची, आणि मी तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आता हीच मुलगी रात्रभर पाण्यावर झोपणार म्हणत होती. आईनं शेवटी एक अट घातली: अंथरूण मी माझ्या डोळ्यांनी बघेन, पटलं तर जा.

बाबांची अडचण वेगळी होती. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं ते त्याच जलाशयातून, आणि तेव्हा ते आठव्या दिवशी यायचं, तेही तासभर. बाबा म्हणाले, आपल्याला आठवड्यातून तासभर मिळतं आणि ही रात्रभर त्याच्यावर लोळणार. त्यांना यात काहीतरी अन्याय वाटत होता, पण नेमका कुणावर हे त्यांना सांगता येईना.

शेजारच्या दोन मुलांना मी इंग्रजी शिकवायची, त्याचे थोडे पैसे माझ्याकडे होते. तेवढ्यात बसेल असं काहीतरी घ्यावं आणि ते आईला दाखवून मोकळं व्हावं असं मी ठरवलं. मी एकटीच जाणार होते. आई सोबत आली.

गुलमंडीवरच्या गाद्यांच्या दुकानात मालकांनी विचारलं, केवढा पलंग आहे? मी दिवाण म्हणणार होते. दिवाण म्हणाले असते तर पाच मिनिटांत फोमचा एखादा तुकडा घेऊन आम्ही बाहेर पडलो असतो. पण आई म्हणाली, पलंग नाही, होडी आहे. दुकानात त्या वेळी सहा-सात गिऱ्हाइकं असतील. ती सगळी वळली. मालक भले गृहस्थ होते. त्यांनी होडी हा शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून बघितला आणि मग दुकानातलं सगळं एकेक करून खाली काढायला लावलं. फोम आईनं दाबून बघितला. पाणी पितो का, तिनं विचारलं. मालक म्हणाले, फोमच तो, पिणारच. लग्नाचा बस्ता करून आलेल्या एका बाईंनी, मुलीला होडीत का झोपवता, असं विचारलं, आणि आईनं त्यांना गणनेविषयी सगळं सांगितलं, माझ्या छातीसकट. मी सतरंज्यांच्या गठ्ठ्याकडं बघत उभी होते. त्या गठ्ठ्यात किती सतरंज्या होत्या ते आजही सांगू शकेन.

शेवटी एका पोक्त नोकराला सुचलं की असल्या कामाला मेणकापड बरं. तो आत जाऊन गुलाबी रंगाचं, त्यावर अस्वलं छापलेलं मेणकापड घेऊन आला आणि मापासाठी आईला विचारू लागला, बाळ किती महिन्यांचं? आईनं माझ्याकडं बोट दाखवलं.

ते आम्ही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, बायकांना यातलं कळत नाही, आपण छावणीत जाऊ. छावणीच्या बाजारात लष्कराचा जुना खाकी माल मिळतो: बूट, ब्लँकेटं, जमिनीवर अंथरायची रबरी कापडं. माझी शाळा छावणीतच होती. त्या दुकानांवरून मी दहा वर्षं सायकलनं गेले होते आणि आत काय असतं हे कधी बघितलं नव्हतं. दुकानदारानं एक झोपायची पिशवी काढली. जाड, खाकी, गळ्यापर्यंत चेन. बाबांना ती बघताक्षणी आवडली. आत मावतं का बघू म्हणून ते बुटांसकट आत उतरले आणि चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली. छान ऊब आहे म्हणाले. मग चेन परत खाली येईना.

दुकानदारानं ओढून बघितली, मी ओढून बघितली. दुकानदार मेणबत्ती आणायला शेजारी गेला. मेण घासलं की सुटते म्हणाला. तेवढ्यात बाबांच्या ऑफिसातले एक साहेब दारात आले. बाबांचे हात आत होते. त्यांनी मानेनंच नमस्कार केला. साहेबांनी विचारलं, कुठं ट्रेकिंगला वाटतं? बाबा म्हणाले, नाही, मुलीसाठी बघतोय. साहेब हो हो म्हणत बुटांकडं वळले आणि मग बराच वेळ बूटच बघत राहिले.

घरी आल्यावर आईनं पिशवीची हकिकत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, चेन अशी होडीत अडकली आणि होडी उलटली तर? मामेभावानं त्याची हवा भरायची गादी पाठवून दिली होती. ती आम्ही हॉलमध्ये भरून ठेवली, तर सकाळपर्यंत ती चादरीसारखी जमिनीला चिकटली होती. आता पाच दिवस उरले होते.

तेवढ्यात काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ते गावाकडची शेती बघतात. त्यांना हे सगळं कुणी सांगितलं माहीत नाही, पण ते बाबांवर चिडले होते. घरात कापूस असताना पोरीसाठी दुकानं धुंडाळता व्हय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात मुलगी कुठंही राहायला निघाली, सासरी असो की हॉस्टेलला, तिच्यासोबत घरच्या कापसाची गादी जाते. आत्यांच्या गेल्या, चुलत बहिणींच्या गेल्या. माझी गेली नव्हती, कारण मी कुठंच गेले नव्हते. या गादीचा एक नियम आहे: लेकीच्या गादीचा कापूस तोलायचा नाही. येईल तेवढा भरायचा. तोलला की नाट लागते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी काका सरकी काढलेला कापूस घेऊन जीपनं आले. पुढच्या सीटवर ते होते आणि बाकी सगळ्या जीपमध्ये कापूस होता.

आमच्याकडं गाद्या भरायला एक म्हातारे चाचा येत. आजोबांच्या वेळेपासून येत. आता लोक फोम घेतात म्हणून त्यांचं काम कमी झालं होतं, पण आमच्या घराचा निरोप गेला की ते पिंजायचं यंत्र हातगाडीवर घालून हजर. बाबांनी होडीवाल्याला फोन करून माप विचारलं होतं आणि गच्चीवर खडूनं होडी काढून ठेवली होती. होडीचं टोक त्यांनी फार मन लावून काढलं होतं. चाचा त्या आकृतीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. त्यांना वाटलं असावं की आपल्याला काहीतरी नीट दिसत नाही.

"बाई, ये नोक किसलिए?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं सांगितलं, होडी आहे.

"हौ," चाचा म्हणाले. त्यांनी टोकाला बोट लावून बघितलं. "पचास साल में दूल्हेकी बनाया, दुल्हनकी बनाया, पैलवानकी बनाया. नावकी पैली बार."

पण त्यांनी ती बनवली, आणि काय बनवली. दिवसभर गच्चीवर कापूस उडत होता. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर तो बसला आणि त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ, मागं सरळ, पुढं निमुळती होत टोकदार. त्यात चाचांनी कापूस घातला, दाबला, आणखी घातला. मी एकदा हळूच म्हटलं, पुरे ना. काका म्हणाले, तू गप, लेकीच्या गादीत पुरे म्हणायचं नसतं. जीपमधला सगळा कापूस आत गेला. चाचांनी टाके घालायला सुई आरपार काढली तेव्हा त्यांचं मनगट कापडात दिसेनासं होत होतं. तयार झाली तेव्हा ती खडूच्या होडीत ठेवली, आणि सगळे तिच्याकडं बघत राहिले. ती स्वतःच होडीसारखी दिसत होती. वल्ही लावली असती तर निघाली असती.

आईनं तिच्यावर बसून बघितलं, गाल लावून बघितला आणि म्हणाली, आता हरकत नाही. मी त्या दिवशी खूश होते. गादी जिन्यातून खाली आणायला बाबा, काका आणि शेजारचे दोघं लागले, हे मला दिसत होतं. पण अट पुरी झाली होती आणि मला बाकी काही बघायचं नव्हतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अंथरूण हलकं हवं. ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी काका म्हणाले, एकदा होडीत टाकून बघू, म्हणजे ऐनवेळी घोळ नको. गादी जीपच्या टपावर बांधली. आई, बाबा, काका आणि मी, असे सकाळी निघालो. वाटेत चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं टपाकडं बघून विचारलं, कुणाला दवाखान्यात नेताय का.

होडीवाल्याचं घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. माणूस बारीक, काळा, बोलायला माझ्याइतकाच काटकसरी. त्याची बायको मात्र बोलकी होती. गादी टपावरून उतरताना त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं ते मला दिसलं. होडीवाल्यानं विचारलं, "ही कुणाची?"

काका अभिमानानं म्हणाले, "लेकीची. घरचा कापूस हाय, विकतचा नाय."

"कापूस लई चांगला हाय," तो म्हणाला, आणि होडीकडं चालू लागला.

होडी मी पहिल्यांदा जवळून बघत होते. शाळेत आम्ही होड्या खूप काढल्या, कवितेत म्हटल्या, पण होडीला आतून तळ कसा असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. तो सपाट नव्हता. हातभर अंतरानं आडवी लाकडं होती आणि त्यांच्यामधल्या खाचांत पाणी होतं. थोडंच, बोटभर. बाबांनी विचारलं, होडी गळते का? होडीवाला म्हणाला, लाकडाची होडी थोडं पाणी घेतीच, आम्ही डब्यानं काढतो. त्यानं डबा दाखवला. आईनं डब्याकडं बघितलं नाही, खाचेतल्या पाण्याकडं बघितलं.

दुसरं असं की बाबांना मिळालेलं माप होडीच्या वरच्या काठांचं होतं, आणि होडी खाली अरुंद होत जाते. काका आणि होडीवाल्यानं गादी आत घातली तेव्हा ती तळाला टेकली खरी, पण दोन्ही बाजू वर आल्या, पापड तळताना वळतो तशा. टोक मात्र बरोबर टोकात बसलं. बाबा म्हणाले, टोक बघा कसं बसलंय.

मग गादी पाणी प्यायला लागली. आधी काही कळलं नाही. मग पट्टे खालून गडद व्हायला लागले. निळा पट्टा काळा झाला, पांढरा पट्टा राखाडी झाला, आणि ती रेषा सावकाश वर चढत राहिली. कुणी हललं नाही. काका म्हणाले, काढा की ती. ओढून बघितली तर दोघांना उचलेना. चौघांनी मिळून ती काठावर काढली तेव्हा होडीच्या तळात एक थेंब उरला नव्हता. होडीवाल्यानं वाकून बघितलं. "एवढी कोरडी तर नवी असतानाबी नव्हती," तो म्हणाला. ते कौतुक होतं की काय मला कळलं नाही.

ही गादी नंतर आमच्या गच्चीवर चार दिवस वाळत होती आणि आज आमच्या हॉलमधल्या दिवाणावर आहे. टोक बाहेर येतं, त्यावर पाहुण्यांचे गुडघे आपटतात. चाचांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले की गादीत काही खोट नाही, नावच चुकीची होती. पण त्या क्षणी काठावर कुणालाच हसू येत नव्हतं. आईनं पदर खोचला होता तो सोडला आणि चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली. "बघितलं मी माझ्या डोळ्यांनी."

मी घड्याळात बघितलं. दुपारचा एक वाजून गेला होता. संध्याकाळी मॅडम दुसऱ्या मुलीला फोन करणार होत्या. ती मुलगी मला माहीत होती. ती चांगली होती, तिला बगळ्यांच्या जाती मागून बघूनही ओळखता यायच्या.

होडीवाल्याच्या बायकोनं तेवढ्यात विचारलं, त्या मॅडम कशावर झोपतात ते तरी बघा की अक्का. आई म्हणाली, नको, उशीर होतोय. पण त्या बाईंनी ऐकून घेतलंच नाही. घरातून दोन फळ्या आणल्या आणि होडीतल्या आडव्या लाकडांवर लांबीला टाकल्या, म्हणजे खाली पाणी आलं तरी फळ्या वर राहतात. फळ्यांवर खताची रिकामी पोती, उसवून, धुऊन, एकाला एक जोडून शिवलेली. आणि त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ, बोटाएवढीसुद्धा जाड नाही. झालं. सगळ्याला पाच मिनिटं लागली नाहीत आणि त्यातली एकही गोष्ट विकत आणलेली नव्हती. होडीवाला म्हणाला, "एका उन्हात वाळंल तेवढंच पाण्यावर न्यायाचं. भिजणार तर हायेच."

भिजणार हा शब्द त्यानं काढायला नको होता.

आई म्हणाली, मावशी, तुमचं चांगलं आहे, पण हिचं तसं नाही. हिला ओल सोसत नाही. आणि हे खाली टोचत असणार, पातळ किती आहे. हिची पाठ धरेल, मग छाती. ती बोलत राहिली. बाबा गादीच्या पट्ट्यांवरून हात फिरवत होते. काकांनी जीपचं दार उघडलं होतं. अशा वेळी मी सहसा दुसरीकडं बघते. तेव्हाही बघणारच होते.

"आई," मी म्हटलं, "तू झोपून बघ."

मी असं काही मोठ्यानं म्हणाले याचं जास्त आश्चर्य कुणाला वाटलं हे सांगणं कठीण आहे. आईनं माझ्याकडं बघितलं. आता ती काहीतरी म्हणेल आणि आपण जीपमध्ये बसू, असं मला वाटलं. पण तिला पातळपणाचा पुरावा द्यायचा असावा. तिनं चपला काठावर काढल्या, कुणाच्या घरात जाताना काढाव्यात तशा, होडीवाल्याच्या बायकोचा हात धरला आणि आत उतरली.

ती उताणी पडली. पाय जुळवून, त्यावर पदर ओढून, पर्स पोटावर धरून. तिथून तिनं एकेक त्रुटी सांगायला सुरुवात केली. उशी नाही. हो, उशी नाही, मी म्हटलं. वारा लागतोय. बाबा म्हणाले, वारा तर लागणारच. फळी डुगडुगतेय. होडीवाल्यानं फळीखाली लाकडाची चीप सारली. मग थोड्या वेळानं, हे वर काय उडतंय? मी सांगितलं, सुरय पक्षी आहे. असं होय, ती म्हणाली. मग बराच वेळ पुढची त्रुटी आली नाही.

त्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता. आई पहाटे तीनपासून उठून टाकी, पिंपं, हंडे, बादल्या भरत होती आणि त्यानंतर सगळ्यांचे डबे करून निघाली होती.

बाबा पुढं झाले, घाबरून म्हणाले, काय झालं? होडीवाल्याच्या बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. बाबा तिला हळू आवाजात सांगू लागले, ही दुपारची झोपत नाही हो, लग्न झाल्यापासून झोपलेली नाही. डॉक्टरला सांगावं तसं सांगत होते. बाई म्हणाल्या, झोपू द्या मग.

आम्ही काठावर बसलो. चहा आला. काकांनी सोबत आणलेली भाकरी खाल्ली आणि एवढ्या हळू खाल्ली की कांदा फोडताना त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. वाऱ्यानं होडी थोडी थोडी आत सरकत दोराच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं डुलत राहिली. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. मला एकच भीती होती, जागी होईल तेव्हा सगळीकडं पाणी दिसेल आणि ती ओरडेल.

दीड तासानं आई उठून बसली. चारही बाजूंना पाणी होतं. तिनं एकदा सगळीकडं बघितलं, ओरडली नाही. मग पर्स बाजूला ठेवली, वाकळीचा कोपरा उलटला, खालून हात फिरवला. मग पोत्यांवरून. मग तो हात नाकाशी नेऊन वास घेतला, शेवटी गालाला लावला. आम्ही पाचही जण काठावरून तिच्या गालाकडं बघत होतो.

"कोरडं आहे," ती म्हणाली. तक्रारीसारखंच म्हणाली.

होडीवाला दोर ओढायला लागला तर तिनं हातानंच थांब म्हटलं. होडीवाल्याच्या बायकोला तिनं विचारलं, वाकळीला लुगडी किती लागली? पाच, बाई म्हणाल्या. आतली सुती का? सगळीच सुती. आईनं मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या त्या मॅडमना फोन कर. आणि विचार, वरून पांघरायला काय नेतात."

फोनला रेंज नव्हती. होडीवाला म्हणाला, वर बंधाऱ्यावर येती कवाकवा. मी चढून गेले. तिथं बकऱ्या होत्या आणि एक आजोबा होते. मॅडमचा आवाज तुटक येत होता. त्या म्हणाल्या, कोण? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. मी जरा मोठ्यानं सांगितलं. ऐकू येत नाही. आजोबा माझ्याकडं बघत होते. मी डोळे मिटले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या जोरानं ओरडले, मी येतेय, होडीत झोपायला मी येतेय. सगळ्या बकऱ्यांनी माना वर केल्या.

मॅडम म्हणाल्या, बरं. एवढ्या मोठ्यानं तिथं बोलू नकोस म्हणजे झालं.

मी फोन ठेवून खाली बघितलं. बाबा आणि काका गादीची दोन टोकं धरून ती पिळायचा प्रयत्न करत होते. ती पिळली जात नव्हती, तेच वळत होते. होडीवाल्याची बायको हसत होती. आई अजून होडीतून उतरली नव्हती. तिनं पर्स उशाला घेतली होती आणि पुन्हा पाय पसरले होते.